विषय क्रमांक चार

हजर: अकरा.
तीन सिस्टर, एक फादर, मंगळूरहून आलेल्या प्रांताधिकारी,
माजी विद्यार्थी दोन, पालक तीन,
आणि लिहायला मी, मोकल क्लार्क, राहणार बाळकुम,
मताचा अधिकार नाही.

विषय चार: सिस्टर्सनंतर शाळा.

'नंतर' मी खोडलं.
'सिस्टर्सच्या पश्चात' केलं, तेही खोडलं.
पश्चात हा शब्द वारसनोंदीत शोभतो,
आणि सिस्टर लुडविना तर समोरच होत्या,
चहात बिस्किट धरून.

कॉन्व्हेंटात चौदा खोल्या, दिवा लागतो तीनांत.
एकोणीस वर्षांत नवी मुलगी एकच आली,
तीही झारखंडला पाठवली, तिथं जास्त गरज म्हणून.
प्रांताधिकारींनी हे एका वाक्यात सांगितलं.
मग थोडा वेळ फक्त पंखा बोलत होता.

मसुदा इंग्रजीत. मंडळात नऊ जागा.
जमीन संघाच्या नावावर, कारभार सगळ्यांचा.
मुख्याध्यापक कोण नेमणार, यावर पाऊण तास.
फी वाढवायला किती हात वर हवेत, यावर चहा पुन्हा गरम.
खिडकीतून खाडी दिसायची या हॉलच्या.
आता चाळीस मजले दिसतात, आणि
त्यांच्या फटीतून, ओहोटी नसेल तर, पाणी.

मग तो शब्द आला. स्पॉन्सरशिप.

श्री. चोणकर खुर्चीतून उठलेच:
घोडबंदर रोडचा एक बिल्डर माझ्या शब्दाबाहेर नाही,
फाटकावर त्याचं नाव लावू द्या,
दोन मजले चढवून देतो, लिफ्टसकट.
फादर अन्सेल्म म्हणाले, तसलं नाही हो.
मग कसलं?
फादरांनी हात हवेत गोल फिरवला.
म्हणाले, मोकल, तुम्ही घाला काहीतरी मराठीत.

मी 'प्रायोजक' लिहिलं.
वाचून पाहिलं तर टेनिस बॉल क्रिकेटचे सामने सुरू झाले.
'आश्रयदाते' लिहिलं,
तर शाळा कुणाच्या तरी ओट्यावर पदर पसरून बसली.
'पालक' लिहावं तर पालक म्हणजे फी भरणारे,
त्यांच्या सहीचा रकाना वेगळा.

शेवटच्या खुर्चीवर फेलिसा कोळी,
एक्याऐंशीची दहावी, हयात सगळी सुक्या बोंबलांत.
सकाळपासून बोलल्या नव्हत्या.
"धर्मआय," म्हणाल्या.
"बाप्तिस्म्याला पोर कोन धरतं? आयस नाय धरत.
धर्मआय धरते. पोर काय तिचं नसतं.
पन मान तिलाच सांभाळाया लागते,
पानी वतताना."

सिस्टर लुडविनांचं बिस्किट तुटून कपात पडलं.
त्यांनी ते चमच्यानं काढलं नाही.

प्रांताधिकारींनी विचारलं, याला इंग्रजीत काय लिहू?
फादर म्हणाले, जागा कोरी ठेवा सध्या.
चोणकरांनी मोबाईल खिशात घातला.
मी लिहिलं: धर्मआई. अवतरणचिन्हं न घालता.

सभा उठल्यावर सिस्टरांनी मला थांबवलं.
खालच्या खणातून बोर्नव्हिटाचा डबा काढला,
झाकण चेपलेलं, रबरबँड लावलेलं.
मला डबा ठाऊक. सत्तावीस वर्षं
मीच पावत्या फाडतोय त्यातल्या पैशांच्या,
'रोख मिळाले', भरणाऱ्याचं नाव नाही,
ज्याच्यासाठी भरले त्या पोराला पत्ता नाही.
ऑडिटरला कधी दिसला नाही हा डबा.
त्यानंही फारसं पाहिलं नसावं.

"हा कुठल्या कलमात बसेल, मोकल?"

मी मसुदा चाळला. बावीस पानं.
आरक्षित निधी होता, विकास निधी होता,
निधीच्या वापराबाबत उपसमिती होती, तिघांची.
तिघांनी मिळून झाकण उघडलं
तर दुसऱ्या दिवशी अख्ख्या कोलशेतला कळेल
कुणाची फी राहिली होती.

म्हटलं, सिस्टर, कलम नाही.

त्या हसल्या की दमल्या, मला ओळखता आलं नाही.

इतिवृत्ताच्या शेवटी नेहमीची ओळ होती,
आयत्या वेळचे विषय: नाहीत.
त्यातलं 'नाहीत' खोडलं.
एक, असं लिहिलं.
पुढं काय लिहावं ते सुचेना,
आणि शाळा सुटल्याची घंटा झाली.

डबा परत खणात.
किल्ली अजून एकच आहे.